गणपतराव देशमुखांचे अकरा विजय आणि दोन पराभव: आमदाराचा निवडणूक इतिहास कसा वाचायचा

पत्रकारितेच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या वतीने, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले. यामागे जात होती, लाट होती, की काम? आणि आपल्या तालुक्यातल्या आमदाराची राजकीय कारकीर्द लिहायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

निवडणुकांचे निकाल आणि विधिमंडळाचं कामकाज यांवर मी अनेक वर्षं लिहीत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सुरुवात पराभवांपासून करा. विजयांची यादी सगळेच लिहितात, अभिनंदनाच्या फलकावरही ती असते. पण माणूस कशामुळे निवडून येत होता हे तो ज्या वर्षी पडला त्या वर्षाच्या आकड्यांत जास्त स्पष्ट दिसतं. गणपतरावांच्या बाबतीत अशी दोन वर्षं आहेत, १९७२ आणि १९९५. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली मला या दोन वर्षांतच दिसते.

आधी पाटी स्वच्छ करून घेऊ. गणपतरावांचा जन्म १९२६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचं शिक्षण पुण्यात झालं आणि वकिलीसाठी ते सांगोल्यात आले. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. असे अकरा विजय. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.

ही यादी नीट पाहिली तर वर्तमानपत्रांत नेहमी छापून येणारी दोन विधानं गळून पडतात. पहिलं, 'सलग अकरा वेळा'. सलग नाही. आधी दोन विजय, मग पराभव. मग ओळीने पाच विजय, पुन्हा पराभव. मग ओळीने चार. दुसरं विधान, 'देशातला विक्रम'. तेही जपून लिहा. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले. १९६५ ची केरळ विधानसभा भरलीच नाही म्हणून ती निवडणूक वगळली तरी बारा उरतात. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा आले. करुणानिधी तेरा निवडणुका जिंकले, पण मतदारसंघ बदलत बदलत. गणपतरावांना मोठं ठरवायला विक्रमाची गरज नाही. ज्या पक्षातून ते निवडून येत होते तो पक्ष त्यांच्याभोवती आटत चालला होता आणि त्यांची जागा मात्र टिकली, ही गोष्ट विक्रमापेक्षा दुर्मीळ आहे.

ते आटणं आकड्यांत बघा. महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या पहिल्या, म्हणजे १९६२ च्या निवडणुकीत शेकापचे १५ आमदार आले. १९६७ मध्ये १९. १९७२ मध्ये ७. १९७८ मध्ये १३, १९८० मध्ये ९, १९८५ मध्ये पुन्हा १३, १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३. शेवटच्या तिघांत सांगोल्याचे गणपतराव आणि रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग व पेणचे आमदार. म्हणजे गणपतराव राजकारणात आले तेव्हा शेकाप विरोधी पक्षनेतेपद सांभाळणारा पक्ष होता. ते निवृत्त झाले तेव्हा सभागृहात त्या पक्षाचा बाकसुद्धा भरत नव्हता.

या पक्षातून बाहेर पडण्याचा रस्ता पहिल्यापासून मोकळा होता, हेही लक्षात ठेवा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव हे संस्थापक पिढीतले नेते १९५० च्या दशकातच काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव मोहिते १९६० मध्ये गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचा कार्यकर्ता हा सगळ्यात हवासा आकडा होता, कारण तो बहुजन शेतकऱ्यांमधला, वाचलेला आणि गावात वजन असलेला असायचा. १९६२ मध्ये निवडून आलेल्या तरुण वकिलाला पुढच्या पन्नास वर्षांत किती वेळा दार उघडून दाखवलं गेलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. निकालपत्रात एवढंच दिसतं की तेरा निवडणुकांत त्यांच्या नावापुढचा पक्ष एकदाही बदलला नाही.

आता १९७२.

त्या वर्षी विधानसभेच्या २७० जागांपैकी काँग्रेसला २२२ मिळाल्या. बांगलादेश युद्धाला तीन महिनेही झाले नव्हते आणि मतदान इंदिरा गांधींच्या नावावर झालं. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले, गणपतराव पडले. शेकाप १९ वरून ७ वर आला. याला लाटेतला पराभव म्हणता येतं. अशा पराभवात उमेदवाराची स्वतःची मतं फारशी हललेली नसतात. एरवी मतदानाला न येणारा किंवा काठावर बसलेला वर्ग एका बाजूला झुकतो आणि सगळा हिशेब उलटतो.

लाट होती याचा पुरावा १९७४ च्या पोटनिवडणुकीत मिळतो. जागा रिकामी झाली आणि गणपतराव पुन्हा निवडून आले. पोटनिवडणूक सत्ताधारी पक्षाला सोपी असते. मंत्री तळ ठोकतात, रस्त्याची कामं आठवड्यात मंजूर होतात, अख्खी यंत्रणा एका तालुक्यात उतरते. तरीही विरोधी उमेदवार आला, याचा अर्थ १९७२ च्या मतदानातला राष्ट्रीय भाग दोन वर्षांत उतरला होता. मधे १९७२-७३ चा दुष्काळ होऊन गेला होता, महागाईने कहर केला होता. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे जिंकल्या. म्हणजे वारं फिरल्याची खूण शहरातही दिसत होती. पण सांगोल्यासारख्या कायमच्या अवर्षणग्रस्त तालुक्यात दुष्काळाचा अर्थ शहरापेक्षा वेगळा होता. खडी फोडायच्या कामावर किती माणसं आहेत, मजुरी वेळेवर मिळते का, चाऱ्याचं काय, पिण्याच्या पाण्याचं काय, हे तिथलं रोजचं राजकारण होतं. पराभूत आमदार त्या दोन वर्षांत कुठे होता याची नोंद मतदारांनी ठेवली, असं माझं मत आहे.

हे मत पडताळून पाहायला १९८० ची निवडणूक हाताशी आहे. पुन्हा इंदिरा गांधींची लाट, काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा, शेकाप ९ वर. त्यातले एक गणपतराव. १९७२ मध्ये ज्या प्रकारच्या लाटेने त्यांना पाडलं, त्याच प्रकारच्या लाटेत आठ वर्षांनी ते टिकून राहिले. मधल्या काळात काय बदललं? शेकापचे दि. बा. पाटील १९७७ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले, तेव्हा विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद गणपतरावांकडे आलं. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं, त्यात गणपतराव मंत्री झाले. त्याच मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटीलही होते. रोजगार हमीचा कायदा याच काळात, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं. मंत्रिपद गेलं, पण तालुक्याने आपला माणूस मुंबईत काय करू शकतो ते पाहिलं होतं. लाटेत तगण्याची ताकद उमेदवाराला अशा मधल्या वर्षांतून मिळते. म्हणून कारकीर्द लिहिताना फक्त निवडणुकांच्या तारखा मांडू नका, दोन तारखांच्या मधली वर्षं भरून काढा.

आता १९९५. हा पराभव मला जास्त बोलका वाटतो.

त्या वर्षी राज्यभर काँग्रेसविरोधी हवा होती. मतदान सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. काँग्रेस ८० जागांवर घसरली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ मिळाल्या, तब्बल ४५ अपक्ष निवडून आले आणि राज्यात पहिलं युतीचं सरकार बसलं. अशा वर्षी, राज्याचा प्रवाह उलटा वाहत असताना, सांगोल्यात काँग्रेसचा उमेदवार जिंकला. शहाजीबापू पाटील, तेव्हा तुलनेने तरुण. अंतर १९२ मतांचं.

हा पराभव लाटेच्या खात्यावर टाकता येत नाही. लाट काँग्रेसविरुद्ध होती. जातीच्या खात्यावरही टाकता येत नाही. इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. गणपतराव धनगर समाजाचे आणि सांगोल्यात धनगर मतदार मोठ्या संख्येने आहे, ही गोष्ट खरी आहे. ती लपवून लिहिणं चूक आहे. पण १९९० ते १९९५ या पाच वर्षांत तालुक्याची जातीय रचना बदलली नाही, उमेदवाराची जात बदलली नाही, निकाल मात्र बदलला. १९७२ लाही तेच. जे कारण विजयाच्या आणि पराभवाच्या दोन्ही वर्षी सारखंच हजर होतं, ते एकटं निकालाचं कारण असू शकत नाही. जातीने पायाची मतं दिली, असं म्हणा. त्यावरचा मजला कशाने चढला ते शोधा.

मग १९९५ ला काय झालं? २१ वर्षं एकच आमदार होता. १९७४ मध्ये जन्मलेला मतदार १९९५ मध्ये मतदान करत होता आणि त्याने दुसरा आमदार पाहिलाच नव्हता. विरोधक सातत्याने एकाच नावामागे गोळा होऊ लागले होते. तालुक्याचं पाणी आलेलं नव्हतं. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रस्थापितांविरुद्ध मतदान झालं आणि सांगोल्यात प्रस्थापित म्हणजे गणपतरावच होते. राज्यात जी नाराजी काँग्रेसविरुद्ध गेली, तीच सांगोल्यात काँग्रेसच्या पारड्यात पडली. राज्याच्या निकालाचा नकाशा तालुक्यावर जसाच्या तसा ठेवला की हे दिसत नाही. मतदारसंघाचा इतिहास लिहिणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त होणारी गफलत हीच आहे.

१९९५ ते १९९९ ही चार वर्षं गणपतराव सभागृहाबाहेर होते. वय सत्तरीकडे झुकलेलं. पुष्कळ नेत्यांची कारकीर्द इथे संपते, मुलगा किंवा पुतण्या पुढे येतो. याच दशकात कृष्णेच्या पाण्यासाठी दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी राहिली होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही त्यातली ठळक नावं, आणि आटपाडीच्या पाणी परिषदा हे तिचं व्यासपीठ. कऱ्हाडजवळ टेंभू इथे कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोला अशा तालुक्यांत न्यायचं, ही टेंभू योजना याच काळात आकार घेऊ लागली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. सांगोला तालुका नकाशावर पाहिला की या मागणीचा अर्थ कळतो. नीरा उजव्या कालव्याचा तो शेपटाचा भाग. वरच्यांचं भागून उरलं तर पाणी येणार. म्हैसाळची उपसा योजना असो, टेंभू असो, तिथेही हा तालुका शेवटच्या टोकाला. शेवटच्या टोकाच्या माणसाला कालवा मंजूर होऊन भागत नाही, प्रत्येक आवर्तनाला भांडावं लागतं. असं आयुष्यभर भांडत राहणारा प्रतिनिधी तिथल्या शेतकऱ्याला का लागतो, हे पाटाच्या मुखाशी राहणाऱ्याला सहजी कळणार नाही.

१९९९ मध्ये ते परत आले आणि त्यानंतर पडले नाहीत. विलासराव देशमुखांच्या लोकशाही आघाडी सरकारमध्ये मंत्री झाले. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला.

संस्थांचा मुद्दा थोडक्यात, पण तो वगळून चालणार नाही. सोलापूर जिल्ह्याचं राजकारण साखर कारखान्यांभोवती फिरतं. कारखाना म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी, आणि सांगोल्याकडे पाणीच नव्हतं. गणपतरावांनी उभी केली ती शेतकरी सहकारी सूतगिरणी. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. शेतीवर भरवसा नाही तर शेतीबाहेर रोजगार द्या. पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही झाली. राज्यातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या बुडाल्या आणि बंद पडल्या, त्या पार्श्वभूमीवर सांगोल्याचं नाव चांगल्या कारभारासाठी घेतलं जायचं. राजकीयदृष्ट्या याचा फरक असा पडतो की कारखान्याचा सभासद हा ऊसवाला, म्हणजे मुळात पाणी असलेला शेतकरी. गिरणीचा कामगार हा बहुधा कोरडवाहू घरातला. आमदाराची संस्था कुणाला जोडते यावरून त्याचे मतदार कोण हे ओळखता येतं. तुमच्या तालुक्यातल्या आमदाराच्या संस्थांची यादी करताना हा प्रश्न जरूर विचारा.

साधेपणाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. एसटीने प्रवास, साधं घर, आमदार निवासातली राहणी. हे सगळं त्यांच्याबद्दल मनापासून सांगितलं जातं आणि मला त्याचा आदर आहे. पण निवडणूक इतिहास लिहिताना साधेपणाला कारण म्हणून पुढे करू नका. १९९५ मध्येही ते तितकेच साधे होते.

२०१४ चा शेवटचा विजय बघा. गणपतराव ८८ वर्षांचे. युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या, राज्यात चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढलेले, मोदींच्या नावाची हवा. सांगोल्यात गणपतरावांना ९४,३७४ मतं, शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ६९,१५०. अंतर २५,२२४. आकडा प्रशस्त दिसतो, पण त्यात राष्ट्रवादीच्या स्थानिक गटाची, म्हणजे दीपक साळुंखे यांच्या गटाची साथ धरलेली आहे. सांगोल्यात तीन गट आहेत: देशमुखांचा, शहाजीबापूंचा आणि साळुंख्यांचा. कुठल्याही निवडणुकीत यांतले दोन एका बाजूला आले की निकाल ठरतो. पक्षांची नावं वरून बदलत राहतात. शहाजीबापू १९९५ मध्ये काँग्रेसचे होते, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे, २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे. त्यामुळे 'काँग्रेसची मतं', 'शिवसेनेची मतं' असा पक्षनिहाय तक्ता करून सांगोल्याचा इतिहास लिहायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. तक्ता गटांचा करा.

तो केला की पुढच्या दोन निवडणुका उलगडतात. २०१९ मध्ये शेकापने आधी दुसरं नाव जाहीर केलं आणि मग गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. साळुंखे गट शहाजीबापूंच्या बाजूला गेला. निकाल: शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. अंतर ७६८. मतदान केंद्रं तीनशेच्या आसपास धरली तर दर केंद्रामागे अडीच मतं. इतक्या कमी अंतराच्या निकालाला एकच एक कारण देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. उमेदवारीचा घोळ, साळुंख्यांची दिशा, आजोबांचं नाव नातवाला किती चाललं, यांतलं कुठलंही एक थोडं वेगळं असतं तर निकाल फिरला असता. मला त्यातली लक्षणीय बाब वेगळी वाटते. गणपतराव स्वतः उमेदवार नसताना, त्यांच्या २०१४ च्या मतांपेक्षा चार हजारांहून जास्त मतं नव्या नातवाला पडली. म्हणजे गट टिकला होता. समोरचे दोन गट एकत्र आले, म्हणून जागा गेली.

२०२४ ला तेच गणित उलटं फिरलं. शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभं केलं. दीपक साळुंखे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून स्वतः उभे राहिले. बाबासाहेब १,१६,२५६, शहाजीबापू ९०,८७०, साळुंखे ५०,९६२. अंतर २५,३८६. 'काय झाडी, काय डोंगार' या वाक्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झालेले आमदार शहाजीबापू, सत्तेतला पक्ष, महायुतीची राज्यभर सरशी, आणि तरीही पराभव. विरोधी दोघांची बेरीज १,४१,८३२ होते. ती बेरीज एकत्र राहिली असती तर काय झालं असतं, असं लिहिण्याचा मोह होतो. पण तिरंगी लढतीतली मतं दुरंगी लढतीत जशीच्या तशी एकत्र येत नाहीत. २०१९ मध्ये एकत्र आल्यावर ती ९९,४६४ झाली होती, एवढाच पक्का आकडा आपल्याकडे आहे. देशमुख गटाने मात्र पाच वर्षांत सतरा हजारांहून जास्त मतं वाढवली, आणि ती नुसत्या विरोधकांच्या फुटीने वाढत नाहीत.

आता साधनांबद्दल, कारण विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होईल. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल १९५१ पासूनचे मिळतात. त्यात उमेदवार, पक्ष, मतं, एकूण मतदान असतं. नावं शोधताना आडनाव आधी, नाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, अशी सगळी रूपं तपासा. एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांच्या वाटतात. उमेदवारांची शपथपत्रं २००३ नंतरचीच मिळतील, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती सक्तीची झाली. गणपतरावांच्या अकरा विजयांपैकी फक्त शेवटच्या तीन निवडणुकांना शपथपत्रं आहेत. त्याआधीच्या मालमत्तेबद्दल कुणी आकडा सांगितला तर तो कुठून आणला हे विचारा.

नमुना २० हा माझा आवडता कागद. मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते त्यात असतं, टपाली मतांची ओळ शेवटी वेगळी. जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो सापडतो, बहुतेक वेळा वेडावाकडा स्कॅन केलेला. मतपत्रिकांच्या काळातले केंद्रनिहाय आकडे इतक्या सहज हाती लागत नाहीत, त्यामुळे १९९५ चे ते १९२ कुठल्या गावांनी ठरवले हे सांगणाऱ्यांकडून फक्त आठवणी मिळतात. त्या नोंदवा, पण आठवण म्हणून नोंदवा.

मतदारसंघाच्या हद्दीही तपासा. '१९६२ पासून एकच सांगोला' हे नावापुरतं खरं आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर सांगोला विधानसभा क्षेत्रात सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ आहे आणि लोकसभेला तो माढ्यात मोडतो. पूर्वी तो पंढरपूर लोकसभा मतदारसंघात होता. २००४ आणि २००९ ची मतं शेजारी मांडून 'वाढ' किंवा 'घट' लिहिण्याआधी हे पाहायला हवं. बाळासाहेब थोरातांचं संगमनेर असो की आणखी कुणाचा गड, दीर्घ कारकिर्दीच्या प्रत्येक आमदाराबाबत हा प्रश्न येतोच. थोरात १९८५ पासून ओळीने आठ वेळा जिंकले आणि २०२४ ला पडले. त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करणाऱ्यानेही पहिल्यांदा तो एक पराभव उघडून बघावा.

निकालांइतकंच सभागृहातलं काम महत्त्वाचं. विधिमंडळाच्या कामकाजाचे खंड वाचा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरची भाषणं. पाच-सहा अधिवेशनं सलग वाचलीत तर आमदार कुठल्या विषयावर पुन्हा पुन्हा उठून उभा राहतो ते कळतं. गणपतरावांच्या बाबतीत पाणी, दुष्काळ, रोजगार हमी, शेतमालाचा भाव हे धागे दशकांमागून दशकं सापडतील. सभागृहात जवळपास पन्नास वर्षं काढलेल्या माणसाची भाषा कशी बदलत गेली, विरोधात असताना आणि मंत्री असताना तो एकाच प्रश्नावर काय बोलला, हे पाहणं हा अभ्यासाचा खरा आनंद आहे. त्यांच्यावर गौरवपर पुष्कळ लिहिलं गेलं. हे खंड उघडून, विषयवार लावून केलेलं काम अजून व्हायला हवं, आणि ते तुमच्या पिढीने करावं असं मला मनापासून वाटतं.

काम हाती घेतलंत तर २०१९ आणि २०२४ चे नमुना २० शेजारी ठेवून बसा. सांगोला शहर, टेंभूचं पाणी पोचलेली गावं, अजून टँकरची वाट पाहणारी गावं आणि भाळवणी मंडळ असे चार गठ्ठे करा. बाबासाहेबांची वाढलेली मतं कुठल्या गठ्ठ्यात आहेत ते मोजा. साळुंख्यांची पन्नास हजार मतं शहरातून आली असतील तर एक अर्थ निघेल, पाण्याच्या गावांतून आली असतील तर वेगळा. मग त्या गावांत जाऊन बसा आणि १९९५ ला मतदान केलेली माणसं गाठा. ती आता पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत.